जुनी ५२०डी, ई२५० की कॅमरी? सोलापुरात राहून कुठलं इंजिन झेपेल?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. महिन्यातून दोनदा पुणे, अधूनमधून मुंबई. सध्या २००९ ची इनोव्हा आहे, २ लाख ९० हजार किमी झालेत. इंजिन अजून खणखणीत, पण टेंभुर्णी येईपर्यंत माझी कंबर बोलायला लागते. पन्नाशी जवळ आली, एकदा तरी बरी गाडी चालवावी म्हणतोय. बजेट १५ लाख, सगळं धरून. कर्ज काढायचं नाही.

तीन गाड्या समोर आहेत.

बीएमडब्ल्यू ५२०डी, २०१३, एमएच १२, दुसरा मालक, ८२ हजार किमी. पुण्यातला डीलर १०.७५ लाख म्हणतोय.

मर्सिडीज ई२५० सीडीआय, २०१४, एमएच १३, एकच मालक, आपल्याच गावातले डॉक्टर. ९६ हजार किमी, बिलांची फाइल जाडजूड. १३.५० लाख, "घासाघीस नको" म्हणाले.

टोयोटा कॅमरी हायब्रिड, २०१५, हैदराबादची, १२ लाख.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, मर्सिडीजला मर्सिडीज म्हणतात, बाकीच्यांना गाडी म्हणतात. विषय संपला त्यांच्यापुरता.

माझा प्रश्न असा की पहिल्या दोघींत पावणेतीन लाखांचा फरक आहे. दोन्ही डिझेल, दोन्ही दोन लिटरच्या आसपास. मग हा फरक कशाचा देतोय मी? मर्सिडीजच्या चांदणीचा?

का_बे

काय करलालास बे. १५ लाखात नवी गाडी येते की, वॉरंटीसकट. दहा-बारा वर्षांची गाडी घेऊन गड्ड्याच्या जत्रेत मिरवणार का?

टॉवेलवाला

नव्या गाडीचा सल्ला घरात रोज फुकट मिळतो बे, इथं नको.

डिझेलराव

टॉवेलवाले भाऊ, मी वीस वर्षं पुण्यात वर्कशॉपमध्ये काढली. आता बार्शी रोडला शेती बघतो, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण उरलेलं नाही. सविस्तर लिहितो.

२०१३ ची ५२०डी म्हणजे एन४७ इंजिन. १९९५ सीसी, १८४ अश्वशक्ती, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. चालवायला लोणी. आता टायमिंग चेनकडे या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी. बऱ्याच इंजिनांत चेन पुढच्या तोंडाला असते, कव्हर काढलं की हात पोचतो. ह्यात ती मागे आहे, फ्लायव्हीलच्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात. चेन, गाइड, टेन्शनर यांचा सेट महाग नाही. पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बरेच जण इंजिनच बाहेर काढतात. म्हणजे सुट्या भागाचे पैसे किरकोळ आणि मजुरीचे भरमसाट. आणि चालत्या गाडीत चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडा, नाहीतर दुसरं इंजिन शोधा.

सुरुवातीची, म्हणजे २००७ ते २००९ ची इंजिनं ह्या बाबतीत सगळ्यात बदनाम. पुढे कंपनीने भाग बदलले, पण तक्रारी शून्यावर आल्या नाहीत. २०१४ पासून बी४७ यायला लागलं, ते पुष्कळ सुधारलेलं आहे. त्याचीही चेन मागेच आहे बरं का.

आता मर्सिडीजवाल्यांनी हसू नये. ई२५० मधलं ओएम६५१, २१४३ सीसी, त्याचीही टायमिंग मागच्याच बाजूला. फरक एवढाच की तिथं खालचं बरंचसं काम गिअर करतात आणि चेन आखूड आहे. माझ्या बघण्यात ती कमी त्रास देते. त्या इंजिनाचं दुखणं वेगळं होतं. सुरुवातीच्या गाड्यांना डिझेल फवारणारे डेल्फीचे पिएझो इंजेक्टर होते, ते इतके गेले की कंपनीला जगभर बदलून द्यावे लागले, नंतर साधे सोलेनॉइडवाले आले. २०१४ च्या गाडीत तो प्रश्न यायला नको, पण इंजेक्टरची बिलं फाइलीत आहेत का ते बघा. पाण्याचा पंप गळतो, तेही बघा.

तेव्हा पावणेतीन लाख चांदणीचे नाहीत. ते फाइलीचे आहेत. कुठलं ऑइल किती किलोमीटरला पडलं हे ज्या गाडीत लिहून ठेवलंय, तिची चेन तुम्हाला थोडीफार तरी माहीत आहे. दुसरीची चेन म्हणजे देवाचं नाव.

टॉवेलवाला

डिझेलराव, मनापासून आभार. डीलरला फोन केला. म्हणाला, "चेन झालेली आहे साहेब, टेन्शन घेऊ नका." बिल मागितलं तर म्हणे आधीच्या मालकाकडे असेल. आधीच्या मालकाचा नंबर मागितला तर म्हणे ते दुबईला असतात.

डिझेलराव

सगळे आधीचे मालक दुबईलाच असतात. ज्याने गिअरबॉक्स उतरवून चेन बदलली तो माणूस ते बिल सोन्यासारखं जपून ठेवतो. कारण गाडी विकताना तेच दाखवायचं असतं.

पुणेरी_टर्बो

उगाच घाबरवू नका हो लोकांना. माझ्याकडे ३२०डी आहे, हेच एन४७. १ लाख ६० हजार किमी. चेनला हात लावलेला नाही. दर १० हजारांना ऑइल, गाडीच्या कॉम्प्युटरने काहीही आकडा दाखवला तरी. इंटरनेटवर फक्त बिघडलेल्या गाड्यांचे मालक लिहितात, चालणाऱ्यांचे मालक गाडी चालवत असतात. १०.७५ मध्ये ५२०डी मिळत असेल तर उरलेल्या पैशात चेन आधीच करून घ्या, तरी मर्सिडीजपेक्षा स्वस्त पडेल. हिशोब साधा आहे.

आणि हो, सोलापूरहून पुणं काही लंडन नाही.

हुतात्मा_६३०

पुणेरीभाऊ, लंडन नाही, अडीचशे किलोमीटर आहे. त्यातलं बरंचसं अंतर मी एकदा फ्लॅटबेडवर, म्हणजे बंद गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर, केलंय, म्हणून लिहितो.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, वाद अजून मिटलेला नाही. जर्मन सेडान, डिझेल, घेतली तेव्हा सात वर्षांची. मार्केटपेक्षा दीड लाख स्वस्त मिळाली म्हणून मी पेढे वाटले होते. आठ महिन्यांनी पुण्याहून येताना वरवडे टोल नाक्याच्या अलीकडे इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी रेडिओ बंद केला. डब्यात कुणी साखळी हलवतंय असा आवाज. गाडी कडेला घेईपर्यंत आवाजही बंद आणि गाडीही. रात्रीचे नऊ वाजलेले, मागे बायको आणि दोन पोरं, पोरांच्या मांडीवर चितळेंच्या बाकरवडीचा पुडा. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वर्कशॉपचा पहिला अंदाज होता ४० हजार. इंजिन उघडल्यावर सव्वा लाख. हेड तपासून आल्यावर २ लाख ६० हजार. गाडी ७१ दिवस तिथं. दर वेळी सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस धरायची, दुपारभर त्यांच्या सोफ्यावर बसायचं, संध्याकाळी सहाची हुतात्मा पकडून रात्री घरी. टीसी ओळखायला लागला होता. हे नाव तेव्हाच घेतलं.

पुण्यात राहणाऱ्याला गाडी बंद पडली तर रिक्षाने घरी जाता येतं, दुसऱ्या गॅरेजवाल्याचं मत घेता येतं. आपल्याला पहिला सांगेल तेच खरं धरावं लागतं, कारण उघडलेलं इंजिन दुसरीकडे न्यायचं तर पुन्हा फ्लॅटबेड. पुणेरीभाऊंच्या हिशोबात ही ओळ नाही.

पुणेरी_टर्बो

वाईट वाटलं वाचून. लंडनचं वाक्य मागे घेतो. पण ऑइलचा मुद्दा कायम.

का_बे

बाकरवडीचं काय झालं?

हुतात्मा_६३०

मोहोळपर्यंत एसटीत संपली.

जुळे_सोलापूरची_वकील

इंजिनाचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगते. टॉवेलवाले दादा, कॅमरी तेलंगणाची असेल तर विक्रेत्याकडून तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरावा लागेल. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेटे घालायला जावयाइतका मोकळा माणूस लागतो. १२ लाखांत हा आकडा धरलाय का?

तिन्ही गाड्यांचं आरसी बुक एमपरिवहन ॲपवर स्वतः तपासा. बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना तारखेची जागा कोरी ठेवू देऊ नका. विम्याचं हस्तांतर १४ दिवसांत टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे प्रीमियम थोडा चढा येईल.

अजून एक. २०१३ च्या गाडीची नोंदणी २०२८ ला संपते. मग फिटनेस, पर्यावरण कर, नूतनीकरणाचे ५ हजार, आणि तेही पाचच वर्षांसाठी. म्हणजे तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा हे सगळं तुमच्या किमतीतून वजा करणार.

टॉवेलवाला

ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कालच एकाने दिल्लीची ई क्लास ८ लाखांत देतो म्हणून फोटो पाठवले, त्याचं काय?

जुळे_सोलापूरची_वकील

तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलला २०१५ ला हरित लवादाने बंदी घातली होती आणि २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली होती, २०२५ ला कारवाईत सूट दिली. त्या बंदीमुळे अशा गाड्या दक्षिणेकडे यायला लागल्या आणि फोटोत छान दिसतात. एनओसी, कर, इथली नोंदणी धरून पुन्हा बेरीज करा. आणि गाडी न बघता टोकन पाठवू नका, एवढं ऐका माझं.

अण्णा_अशोक_चौक

कॅमरीला कोणी विचारेना म्हणून मी बोलतो. माझ्याकडे २०१४ ची कॅमरी हायब्रिड आहे. २०१३ ला भारतात आली, बिडदीला जोडली जायची. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, डिझेलसारखे जास्त दाबाचे इंजेक्टर नाहीत. गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) म्हणतात पण त्यात पट्टा नाही, ग्रहमाला गिअर आणि दोन मोटरी. बिघडायला भागच कमी. आजवर ऑइल, ब्रेक पॅड, टायर, एक १२ व्होल्टची बॅटरी. बास. टोयोटाचा माणूस गावातच आहे.

एकच गोष्ट. मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि तिला गार ठेवणारा पंखा गाडीच्या आतली हवा ओढतो, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. माझी पॉवरलूम आहे. कपड्यांना तूस चिकटतं, ते सीटवर, तिथून जाळीत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, बाहेर ४३ डिग्री, स्क्रीनवर हायब्रिड सिस्टिमचा इशारा आला. मी म्हटलं गेले दोन-तीन लाख. पोराने सीट काढून जाळी उघडली तर आत पंख्यावर कापसाची गादी! बोटाने सोलून काढली, अख्खी, टोपीसारखी. साफ केलं, इशारा गेला. आता दर तीन महिन्यांनी साफ करतो. तुमचा टॉवेलचा कारखाना आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

दिखाव्याला मात्र शून्य. लग्नात पार्किंगवाला इनोव्हाला पुढे घेतो आणि मला मागे पाठवतो.

डिझेलराव

अण्णा, अनुमोदन. इंजिनाच्या भरवशावर मार्क द्यायचे तर तिघींत कॅमरी पहिली, आणि दुसरी बरीच मागे. पेट्रोलला आता २० टक्के इथेनॉल आलंय, २०१५ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, त्यामुळे रबरी पाइप-सील वर्षातून एकदा बघत जा. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं इथेनॉल आपल्याच गाडीच्या रबरावर, तक्रार कुणाकडे करणार!

टॉवेलवाले भाऊ, आता घ्यायच्या आधीची तपासणी. सगळ्यात मोठी गोष्ट, इंजिन थंड असताना सुरू करायचं. तुम्ही पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या आणि घरी या. एन४७ चा चेनचा आवाज थंड सुरुवातीला आणि १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान, मागच्या बाजूने, डॅशबोर्डच्या पलीकडून येतो. खरखर, घासल्यासारखा. इंजिन तापलं की दबतो, म्हणून तर डीलर आधी तापवून ठेवतात.

गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावणारा माणूस स्वतःचा न्या. कोड पुसलेले असतील तर ते किती किलोमीटरपूर्वी पुसले हेही दिसतं. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात. बीएमडब्ल्यूच्या चावीतसुद्धा साठवलेले असतात, ते वाचून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ८२ हजारांच्या गाडीला चौथा टायर सेट असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय.

गिअरबॉक्सचं विचारा. ५२०डी ला झेडएफचा आठ गिअरचा आहे. गाडीची कंपनी म्हणते ऑइल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः म्हणते ८० हजार ते १ लाख २० हजारांच्या दरम्यान बदला. आयुष्य कुणाचं, गाडीचं की पहिल्या मालकाचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मर्सिडीजच्या ७जी-ट्रॉनिकचं ऑइल कधी बदललं तेही फाइलीत शोधा.

आणि जी घ्याल तिच्यासाठी दोन लाख बाजूला. ते गाडीच्या किमतीतच धरायचे. १५ लाखांच्या बजेटात तुमची गाडी १३ लाखांची आहे, १५ ची नाही.

बाळीवेस_मेहता

ऑडी ए६ पण बघा ना, स्वस्त मिळते.

डिझेलराव

दोन लिटर टीडीआयची त्या काळची ए६ असेल तर गिअरबॉक्स मल्टीट्रॉनिक आहे का बघा. तो सीव्हीटी आहे, आत साखळी असते, आणि दुरुस्त करणारा हुशार माणूस शोधण्यात तुमचं एक वर्ष जाईल. इंजिनाला रबरी टायमिंग बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च पहिल्याच महिन्यात. स्वस्त आहे, कारण विकणाऱ्याला हे माहीत आहे.

टॉवेलवाला

धागा वर काढतोय, बारा दिवसांनी.

पुण्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा डीलरकडे ११ ला पोचलो, बॉनेट गरम. "आत्ताच पार्किंगमधून काढली साहेब." बरं म्हटलं. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री बहिणीकडे हडपसरला मुक्काम केला आणि न सांगता सकाळी सातला हजर. पोऱ्या गाडी पुसत होता. बॉनेटवर हात ठेवला, गरम! "धुवायला बाहेर काढली होती." पाण्याचा थेंब कुठं नव्हता, चाकाखालची धूळ जशीच्या तशी. गाडी सुरू केली, आवाज काही आला नाही. एकदम गुळगुळीत. चालवूनही बघितली, हडपसर ते लोणी काळभोर. काय गाडी आहे हो! तो स्टिअरिंगचा वजनदारपणा, तो खेचा... परत देताना जीवावर आलं.

गाडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. कदाचित चेन खरंच झालेली असेल. पण थंड इंजिन ऐकू द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून ऐकून काय घेणार? "रात्री गाडी इथंच ठेवा, चावी माझ्याकडे द्या, सकाळी मी सुरू करतो" म्हटलं तर म्हणे पॉलिसी नाही. सोडली. ९.९० पर्यंत खाली आला होता तो, येताना फोनवर.

कॅमरीसाठी हैदराबादला गेलो नाही. कराचा आकडा काढला, १२ ची गाडी १३ च्या पुढे जायला लागली. शिवाय अण्णांची ती कापसाची टोपी डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या शर्टावर आत्ता हे लिहिताना तूस आहे.

डॉक्टरांकडे रविवारी सकाळी गेलो. डिझेलराव स्वतः आले बरोबर, बार्शी रोडवरून, एक पैसा न घेता. गाडी गार. डॉक्टरांनी चावी दिली आणि आत पेपर वाचायला गेले. सुरू केली, दोन सेकंद टकटक, मग शांत. डिझेलरावांनी दहा मिनिटं कान लावून ऐकलं, मागून, खालून, एकदा तर फरशीवर झोपून. डॉक्टरांच्या सौ. चहा घेऊन आल्या तर हे गाडीखाली. फाइलीत गिअरबॉक्स ऑइलचं बिल ७० हजारांना, ऑइल दर आठ-नऊ हजारांना. पाण्याचा पंप किंचित ओलसर निघाला. मीच बोट लावून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." घासाघीस नको म्हणणारा माणूस स्वतः १२.८० वर आला.

घेतली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तारखेसकट. दोन लाख पोस्टात टाकलेत. वडील पुढच्या सीटवर बसून सिद्धेश्वराला जाऊन आले, वाटेत काच खाली ठेवायला लावली मला.

का_बे

अभिनंदन बे! आता गड्ड्याच्या जत्रेत कुठं लावणार?

टॉवेलवाला

जत्रेला इनोव्हा. ती विकत नाहीये.

डिझेलराव, पंपाचं काम पुण्याला न्यावं लागेल का आपल्याकडे कुणी करेल?

डिझेलराव

पंप गावात होईल, हात पोचतो. कंपनीचा पंप मागवून घ्या, कूलंट कंपनीचाच भरा, नळाचं पाणी नको. होटगी रोडला एक मुलगा आहे, माझ्याच हाताखाली शिकलाय. व्यनि (खासगी निरोप) करतो. मंगळवारी न्या, सोमवारी तो बंद असतो.